सर कधी बोलले नाहीत ते

—नाही, नाही, तू चुकीचं केलं असं मी म्हणतच नाही, नाहिद. तू बस आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलते — इकडं दिवाणावर ये. अब्बा घ्यायले येणार आहेत ना? मग आहे वेळ. तर काय म्हणत होती मी — हां, मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमनं हो म्हटलं तरच नाहिदचा व्हिडिओ शनिवारी दाखवू. म्हणजे सगळं आलं माझ्यावर! सरांले जाऊन वर्ष होते, शाळेनं कार्यक्रम ठेवला, फोटोले फुलं वाहतील, दोघंतिघं भाषणं करतील, इथपर्यंत ठीक. पण फोटोतला माणूसच बोलायले लागला तर पोरांनी काय करावं — टाळ्या वाजवाव्या का उठून उभं राहावं? हसू नको, मी खरंच विचारून राह्यली. आवाज तर त्यांचाच आहे. म्हणजे त्यांचा नाही — पण त्यांचाच. लॉकडाउनमध्ये ते मोबाइलवर भूगोलाचे धडे पाठवायचे, त्यातून घेतला म्हणाली ना तू? अन् चेहरा निरोपसमारंभातल्या फोटोचा. हुशार आहेस बाई. तू पाठवला तसा मी पाहिला, एकदा. एकदा पुरे झाला.

तुले माहीत नसेल, पण सरांनी ते खरं-खोटं पाहायचं शाळेत सुरू केलं तेव्हा सगळ्यात जास्त भांडली ती मीच. तू वर्गात होती, भांडण स्टाफरूममध्ये झालं. ते म्हणे, मोबाइलवर आलेलं तपासायले वेगळा तास नको, ते सगळ्याच विषयांत आहे — मराठीच्या सरांनी बातमीतली विशेषणं खोडून बातमी वाचून घ्यावी, उरते किती ते पोरांनी पाहावं; विज्ञानाच्या मॅडमनी विचारावं, हे मोजलं कोणी अन् कशानं; अन् गणितवाल्या मॅडमनी, म्हणजे मी, आलेखाची खालची रेघ पाहायले शिकवावं. मी म्हटलं, सर, अन् माझा दहावीचा कोर्स तुम्ही पूर्ण करणार का? सगळे हसले. घरी चहा गाळता गाळता मले म्हणतात, "मॅडम, आलेख तुमच्याइतका चांगला कोणी शिकवत नाही" — घरीही मॅडमच म्हणायचे, शेवटपर्यंत — अन् झालं, दुसऱ्या दिवशी मी फळ्यापाशी. कापसाच्या भावाचे दोन फळ्यांवर दोन आलेख काढले, आकडे तेच, पण एकाची रेघ शून्यापासून अन् दुसऱ्याची खालून कापलेली, मधल्याच आकड्यापासून. पूनमसिंग ओरडला, "मॅडम, दुसऱ्या फळ्यावर विकू कापूस, तिथं भाव दुप्पट आहे!" मागच्या बाकावरून सर हसून राह्यलेले. स्वतःचा तास सोडून माझ्या वर्गात येऊन बसले होते.

अन् तुझं आठवते का? धरणात विष पडलं म्हणून मेसेज फिरला होता, मेलेल्या मासोळ्यांचा फोटो. बाभुळगावात बायांनी नळाचं पाणी ओतून दिलं. मीही दोन भरलेले हंडे ओतले, खोटं कायले बोलू — गणिताची मास्तरीण असून ओतले. अन् तू सातवीतली एवढीशी पोरगी, वर्गात उठली अन् म्हणाली, "सर, याच्या मागं नारळाची झाडं आहेत. आपल्या धरणावर तर सागवान अन् पळस." त्या दिवशी सरांले जेवण गेलं नाही, आनंदानं. "कलीम मिस्त्रीची पोरगी, कलीम मिस्त्रीची पोरगी" — रस्त्यानं ज्याले-त्याले सांगत फिरले. तुझे अब्बा घाबरून घरी आले होते, पोरीनं काय केलं म्हणून.

आता तूच सांग. नारळाची झाडं पाहणारी तू, अन् हा व्हिडिओही तूच केला. — अवं, रडतेस काहून? मी रागावून नाही राह्यली. मायेनं केला, ते दिसते. त्या कॉम्प्युटरनं पहिल्यांदा सरांच्या कपाळाले टिळा लावून दिला ना? बौद्धाच्या घरच्या माणसाले टिळा! तू फोनवर म्हणाली, "मॅडम, सर असते तर कॉम्प्युटरलेच वर्गाबाहेर उभं केलं असतं" — तेव्हा मी हसली. वर्षभरात तेवढीच हसली असेन. नंतर तू तो पुसला, गळ्यात घातलेला हारही काढला, सगळं नीट केलं. फक्त ते वाक्य कोणी लिहिलं? "माझ्या प्रत्येक कामात माझी पत्नी सत्यभामा हिने मला साथ दिली, तिचे आभार मानायचे राहून गेले." तू लिहिलं? मलेही तेच वाटलं. निबंधात तू असंच लिहायची.

असं बोलले असते का ते? आभार! आमच्या दोघांत आभार कुठून आले? शेवटच्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात मले काय म्हणाले माहीत आहे का — "मॅडम, ती खिडकी लावा, थंडी वाजते." बस. मी खिडकी लावायले उठली, कडी घट्ट होती, बसता बसत नव्हती, बसली एकदाची, अन् वळून पाहते तर — जाऊ दे. मी व्हिडिओतल्या चुकांचं सांगत होती. आभार म्हणताना ते जरा खाली पाहतात, लाजल्यासारखे. पहिल्यांदा लक्षात नाही येत ते, पाच-सहा वेळा पाहिलं की — म्हणजे — हो. पाहिला. सकाळपासून तेच करून राह्यली. भात करपला, वास नाही आला तुले? शेजारची दीपा भाजी घेऊन आली, दार वाजवत होती, अन् मी आतून म्हटलं, थांब वं, सर बोलून राह्यले. असं तोंडातून निघून गेलं. ती भाजी ओट्यावर ठेवून तशीच मागं फिरली. आता गल्लीत काय सांगेल ती.

सर पोरांले काय सांगायचे, तुले पाठ असेल. राग आणणाऱ्या मेसेजवर कोणीही शंका घेते. जे लई आवडलं त्याचीच आधी चौकशी करा, तिथं आपलं डोकं सुटीवर असते. मले आवडलं, नाहिद. ते खोटं वाक्यच आवडलं. बाकी सगळं तर मले माहीत होतं.

अन् बरोबर काय तेही माहीत आहे. कार्यक्रमात नाही, वर्गात लावायचा. पोरांले आधी सांगायचं की हा बनवलेला आहे, अन् म्हणायचं, शोधा, कुठं कुठं चुकलं. सरांनी हेच केलं असतं, स्वतःच्या फोटोचंही केलं असतं. अन् पोरं काढतील, लई तेज आहेत ती. हात हलत नाहीत, शर्टाले खडूची भुकटी नाही, असे सर बोलतच नव्हते — एकेक जण उठून सांगेल, बाकीचे टाळ्या वाजवतील. चांगलंच आहे. पण त्याच्यानंतर मी इथं एकटी बसून तो लावला, तर मले काय दिसेल? — तू काही म्हणून राह्यली का? त्यांच्या डोळ्यांचंही काही चुकलं? नको! नको सांगू. तुले जे दिसलं ते तुझ्यापाशीच ठेव.

पाणी घे. घे थोडं.

ऐक. दाखव वर्गात. माझ्याकडून हो. फक्त ते आभाराचं काढून टाक, ते काही पोरांसाठी नाही. — काय? कापून दाखवला तर तेही खोटंच होते? ...हो. होते. बरं, पूर्ण दाखव. पोरांनी म्हणू दे काय म्हणायचं ते. मी नाही येणार. मुख्याध्यापकांले सांग, मॅडमचे गुडघे धरले. अन् ते काय करतेस? नाही, माझ्या मोबाइलमधून नाही काढायचा. ठेव तो खाली. ठेव म्हटलं ना, नाहिद! — अब्बा हॉर्न वाजवून राह्यले, ऐकू नाही येत? जाय. दार ओढून घे, मी नाही उठत.