चार शिलिंडर आणि अकरा बाया

माझं माहेर कऱ्हाटी. तिकडं तेव्हा पाणी न्हवतं, ज्वारी आणि दगड, दोनच पिकं. वडलांनी बुद्धाची दीक्षा घेतली, घरातलं देव काढलं आणि म्हणलं पोरी शाळंत जातील. मी चौथीपर्यंत गेले, पुढची शाळा गावात न्हवती म्हणून थांबले, त्यात रडण्यासारखं काय न्हाय. वाचता येतं, हजेरी लिहिता येती, तेवढ्यावर मी वीस वर्षं बायांची टोळी चालवली. लग्न होऊन इंदापूर तालुक्यात आले, कालव्याकाठच्या गावात. एवढं पाणी आयुष्यात बघितलं न्हवतं. पहिलं वर्षभर मी उगंच कालव्यावर जाऊन उभी राहायची, सासू म्हणायची पाणी पळून जातंय का गं. मग सवय झाली.

टोळी म्हंजे काय ते सांगते ताई, तुमाला म्हाईत नसंल. द्राक्षबागंत बायांची कामं लई. घड विरळ करायचा, डहाळ्या बांधायच्या, आणि डिपिंग. डिपिंग म्हंजे एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा, दिवसभर हात डोक्याच्या वर. ते छाटणीपासनं मोजून ठराविक दिवशीच करावं लागतं आणि सकाळच्या गारव्यात, ऊन चढलं की बागवाला काम थांबवतो. त्यामुळं जी टोळी येळंवर पोचंल तिला काम. मी मुकादम, म्हंजे बाया गोळा करायच्या, न्यायच्या, काम करून घ्यायचं, आणि काही बिघडलं तर बोलणी खायची. सगळी मला आक्का म्हणायची.

माझ्या टोळीत शेजारची सखू होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचा हात असा चालायचा की आमची एक ओळ होईस्तवर तिची दीड झालेली असायची. तोंडबी तसंच चालायचं.

आमचं मालक बारामतीत एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बाई लेकाकडं राहायला गेल्या आणि जाताना त्यांची जुनी गाडी मालकांना देऊन गेल्या. पांढरी, छोटी, मागं डिकी न्हाय, मागचं दारच वर उघडायचं. ही नव्वदच्या पुढच्या सालातली गोष्ट. मी म्हणलं, आता टोळी गाडीतनं जाईल. मालक म्हणलं, ही गाडी चार माणसांची हाय. मी म्हणलं, बाया बारीक हायत.

सात बाया बसायच्या, बाकीच्या यष्टीनं यायच्या. सपाटीला गाडी चालायची बरी. पण बोरी गावाकडं, जिथं सगळ्या द्राक्षबागा, जाताना आमच्या गावाबाहेर कालवा ओलांडावा लागायचा, त्याचा भराव उंच, चढ असा उभा की निम्म्यात गाडी गुरगुरायची आणि बंद पडायची. मग आमी सगळ्या उतरायचो, पदर खोचून ढकलायचो, वर पोचवायचो, आणि मालक मोकळी गाडी पलीकडं उतरवून खाली थांबायचे, आमी मागनं चालत. रोजचंच होतं. सखू ढकलताना मालकांना म्हणायची, दाजी, तुमीबी उतरा की, तेवढाच भार कमी. मालक म्हणायचे, मग चालवंल कोण, तू? ती म्हणायची, चालवीन की, ढकलायचं तुमी.

हसायला बरं होतं, पण उशीर व्हायचा. आबा म्हणून एक मोठं बागायतदार होतं, त्यांच्या बागंवर आमचा निम्मा हंगाम निघायचा. ते रोज बांधावर उभं राहून विचारायचं, काय आक्का, गाडी तुमाला आणती का तुमी गाडीला आणता? एक दिवस ते हसलं न्हाईत. म्हणलं, पारूबाईची टोळी जीपनं येती, सातला हजर असती. आता डिपिंगला दोनदा उशीर झाला तर बाग तिची.

म्हंजे अकरा बायांचा हंगाम गेला. हे मला झोपू दीना.

बारामतीत भिगवण रस्त्याला सलीमभाई मिस्त्री होता, मालकांच्या ओळखीचा. त्यानं बॉनेट उघडलं, ऐकलं, म्हणला, आक्का, हे तीन शिलिंडरचं इंजिन हाय, ह्याला कितीबी औषध पाजा, ताकद येणार न्हाय. त्याच कंपनीची लांब डिकीची एक गाडी झाडाला धडकून भंगारात आलीय, तिचं चार शिलिंडरचं इंजिन चांगलं हाय, गिअरबॉक्ससकट उचलून ह्यात बसवतो. मी म्हणलं, बसंल का? तो म्हणला, बसवलं तर बसतंय.

दहा दिवस लागलं. इंजिन टांगायचं कान कापून दुसरीकडं वेल्डिंग केलं, रेडिएटर मोठा घातला, बॉनेट बंद होईना म्हणून आतली पट्टी ठोकून वाकवली. नव्या इंजिनाचा नंबर कागदावर चढवायला मालक आरटीओत दोनदा जाऊन आलं. आणि गाडी ताब्यात देताना सलीमभाई म्हणला, आक्का, आता ही गाडी पळंल, पण थांबवायचं ब्रेक जुनंच हायत, पुढनं गाडी जडबी झालीया, आठ दिवस अजून ठेवा, मी मोठ्या गाडीचं ब्रेक बसवून देतो, मग न्या. मालक माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हणलं, सलीमभाई, मला थांबायचं न्हाय, मला पोचायचंय, डिपिंग उरकलं की आणते. तो म्हणला, मर्जी तुमची, पण मी सांगितलंय.

सांगितलं होतं त्यानं. मी आणि मालकांनी ऐकलं होतं, दुसरं कुणी न्हवतं.

काय सांगू तुमाला, पहिल्या दिवशी ती गाडी सात बाया घेऊन भरावावर अशी चढली की सखूनं खाली उतरायला धरलेलं दार तसंच धरून ठेवलं. सगळ्या ओरडल्या. पावणेसातला आबांच्या बांधावर. आबा म्हणलं, अरे वा, आज गाडीनंच आणलं. मला इतकं बरं वाटलं की तिथंच माझी अक्कल सुटली. मी मागची सीट काढून टाकली, खाली पोती अंथरली आणि अकराच्या अकरा बाया बसवल्या. यष्टीची भानगडच नको.

आता हे नीट ऐका. इतकी वर्षं त्या भरावावरनं खाली गाडी मोकळीच उतरत होती. आमी चालत उतरायचो. भरलेली गाडी तिथनं उतरवायची येळच कधी आली न्हवती. सात बायांनिशी ती उतरली तेव्हा ब्रेक किरकिरलं, मालक म्हणलं दमानं घ्यावं लागंल, मी म्हणलं घ्या दमानं. अकरा बायांनिशी तीन दिवस उतरली. चौथ्या दिवशी खाली वळणावर उसाची बैलगाडी आडवी आली. मालकांनी पाय दाबला, पाय पार खाली गेला, गाडी थांबंना. बैलांवर घालायची का रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीत, एवढंच हातात होतं. त्यांनी चारीत घातली. गाडी कुशीवर पडली आणि आमी सगळ्या एकमेकींवर.

सखू दाराकडंला होती. तिच्या अंगावर दहा जणी. उजवा खांदा खाली अडकला.

मागनं पारूबाईची जीप आली. तिनं आपल्या बाया रस्त्यात उतरवल्या, सखूला आणि मला आत घातलं आणि बारामतीला दवाखान्यात नेलं. वाटंत मला म्हणली, आधी हिला पोचवू, भांडायचं नंतर बघू. त्या दिवशी आबांच्या बागंत कुणीच येळंवर पोचलं न्हाय. नंतर बाग पारूबाईलाच मिळाली, त्यात चूक काय न्हवती.

सखूचं हाड जुळलं. पण हात खांद्याच्या वर जाईना तो जाईनाच. डिपिंग सगळं वर हात करूनच असतं, म्हंजे बागंतलं तिचं काम संपलं.

गावात बोलणं सुरू झालं की सलीम मिस्त्रीनं भंगारातलं इंजिन बसवलं, मेलेल्या गाडीचं इंजिन, ते मारणारच. दोघातिघांनी त्याच्याकडची गाड्यांची कामं काढून घेतली. मालक म्हणलं, आपण बोलायला पायजे. मी म्हणलं, बोललो तर टोळी राहंल का? ते म्हणलं, न्हाई राहणार. मी चार दिवस गप्प बसले. हे मी लपवत न्हाय, चार दिवस मी गप्प बसले आणि लोक त्याला शिव्या देत होते.

पाचव्या दिवशी सखूच्या अंगणात सगळ्या जमल्या होत्या. तितंच सांगितलं. म्हणलं, इंजिनात खोट न्हवती. सलीमभाईनं ब्रेक बदलायला आठ दिवस मागितलं होतं, मीच दिलं न्हाईत. मालकांचीबी चूक न्हाय, त्यांनी माझं ऐकलं. सखूची सासू म्हणली, आमची सून मोडायच्या आधी सांगायचं होतंस. मी म्हणलं, व्हय. सखू माझ्याकडं बघत होती, तिनं एक शब्द काढला न्हाय, आणि ती बाई गप्प बसणारी न्हवती.

चार बाया पारूबाईकडं गेल्या. सखू सोडून सहा राहिल्या. त्या का राहिल्या मी विचारलं न्हाय. सलीमभाईला गाडी नेऊन दिली, त्यानं मोठं ब्रेक घातलं, सीट परत बसवली. मी सांगितलं होतं असं तो एकदाबी म्हणला न्हाय, म्हणला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर एका खेपंला चारच बाया, दोन खेपा. आबांची बाग गेली ती गेलीच, पण बारक्या चार बागा धरल्या आणि टोळी पुढं बारा वर्षं चालली.

सखूला मी एका पॅकिंगच्या शेडमध्ये लावून दिलं, तितं टेबलावर घड पेटीत भरायचं, हात खालीच राहतो. लावून दिलं म्हंजे उपकार न्हाईत. पुढं तिथली बायांची प्रमुख ती स्वतःच्या तोंडाच्या जोरावर झाली. मालक आता न्हाईत, गाडी मोडीत गेली, माझं गुडघं गेलं.

सखू येती अधनंमधनं. चहा डाव्या हातानं घेती. गेल्या महिन्यात मी तिला विचारलं, इतकी वर्षं झाली, तुझा माझ्यावर राग हाय का गं? ती म्हणली, हाय की. मी म्हणलं, बरं. ती म्हणली, साखर घालत जाऊ नको आक्का, डॉक्टरनं बंद केलीया. मी तिचा चहा पातेल्यात परत ओतला आणि बिनसाखरंचा दुसरा ठेवला.