राहिलेली ओळ

ब्रनोतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रांग होती. माझ्यापुढे लिबोर आणि यित्का, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल लिहिणाऱ्या टीममधले.

"सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरू होताना अडकायचा. मी आपल्या कर्नलच्या माहितीपुस्तिकेत बघून त्यांना सांगितलं, सुरुवातीलाच हा पर्याय टाइप करा."

"मग, लिबोर?"

"नऊ वर्षं रोज सकाळी टाइप करतायत. परवा कळलं, तो पर्याय कर्नलमध्ये नाहीच. दहा वर्षांपूर्वी काढलाय."

"आणि न कळणारा शब्द आला की आपला कर्नल गुपचूप पुढे जातो."

"सासरवाडीत मीही तसाच पुढे जातो."

"काढला कुणी?"

"मीच."

"आणि वर्षभरात विसरलास?"

"माहितीपुस्तिकेत होता ना. मी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला."

"मग पुस्तिकेतली ती ओळ का नाही काढलीस?"

"दुसऱ्या दिवशी काढणार होतो."

"आता तरी काढ."

"काल दुरुस्ती पाठवली. तपासणाऱ्यानं विचारलंय, हा पर्याय अजून कुणी वापरतं का?"

"काय लिहिलंस?"

"खरं तेच. एक जण वापरतात, रोज सकाळी. आणि त्यांचं म्हणणं आहे, अगदी छान चालतो."