डबा रिकामाच परत करा

ऑनलाइन धंदा काढायचाय ना तुला? मग आधी आईला समजव. जोगेश्वरीच्या घरून मी आमच्या आईचे बेसनाचे लाडू इन्स्टाग्रामवर विकायला काढले. प्लास्टिक नको म्हणून स्टीलच्या डब्यातून पाठवायचे आणि डबा परत मागवायचा. तर बायका डब्यात चिवडा, शंकरपाळे भरून परत पाठवायला लागल्या. आई म्हणते, "एवढ्या मायेने भरून पाठवलंय, आता पुढच्या लाडवांचे पैसे कसे घ्यायचे गं?" म्हणजे सगळ्यांना लाडू फुकट. शेवटी वैतागून मी डब्यांवर स्टिकर लावला, 'डबा रिकामाच परत करा.' अंधेरीच्या एका बाईने तो वाचला, डबा घासूनपुसून पाठवला, वर दुप्पट लाडवांची ऑर्डर दिली. आईने झाकण उघडून आत बघितलं.

"रिकामा डबा पाठवते? हिला माझे लाडू मिळायचे नाहीत."