योसेफाच्या भावांचा रविवार

मोनिकाआजी : …त्या चटईवर पाय नको, फादर, त्या मिरच्या पुसून झाल्यात. इकडे भिंतीजवळ बसा. चुसॉकच्या सणाआधी वाळायला हव्यात सगळ्या. आणि क्लारानं आणलेला भोपळा कालच शिजवला. तुम्हीच पाठवला होतात ना?

फादर पे : हो. तुम्ही गेल्या रविवारपासून चर्चकडे फिरकला नाहीत. वाटलं, बरं नसेल.

मोनिकाआजी : मला काय धाड भरलीय?

फादर पे : या रविवारी पहिला पाठ वाचायची पाळी तुमची आहे. म्हणून आलो. नको असेल तर क्लाराताई वाचतील.

मोनिकाआजी : पाठ कुठला नेमलाय?

फादर पे : योसेफाचा. भाऊ त्याच्याकडे क्षमा मागतात, तो. आणि मागून शुभवर्तमानात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? मी म्हणतो, दोन्ही बदलावेत. सुगीचं काहीतरी घ्यावं.

मोनिकाआजी : मागे मी म्हटलं होतं, इसहाकाला वेदीवर बांधतात ते मला वाचवत नाही, दुसरं द्या. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

फादर पे : म्हणालो, पाठ आपण निवडायचा नसतो. तो भरतीसारखा आपल्या वेळेला येतो.

मोनिकाआजी : मग आता भरती आल्यावर पळता का?

फादर पे : मी प्रवचनाला उभा राहून क्षमेवर बोललो, तर सगळ्या माना तुमच्याकडे वळतील. लोकांना वाटेल, फादर मोनिकाआजीकडूनच क्षमा मागताहेत.

मोनिकाआजी : आणि मागत नाही आहात?

फादर पे : मागतोय. पण तिथून नाही.

मोनिकाआजी : गेल्या रविवारी तिथूनच बोललात की. पाठ काय होता? भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना सांग. दोघंच. आणि त्याच पाठावर बोलताना तुम्ही माझं घर अख्ख्या चर्चपुढं उघडं केलंत.

फादर पे : मी नाव घेतलं नव्हतं, आजी.

मोनिकाआजी : नाव कशाला लागतंय? ‘आपल्यातली एक आई पहाटेच्या बसनं तुरुंगातल्या मुलाला भेटायला जाते आणि शेजारणींना सांगते, दात दाखवायला चालले.’ गावातून ती बस धरणारी मी एकटी. ड्रायव्हरसुद्धा माझ्या दाढेची चौकशी करायचा. परवा बाजाराला गेले, तर नुसता मान खाली घालून बसला.

फादर पे : मला बाकीच्यांना टोचायचं होतं. इतक्या वर्षांत कुणी तुमच्याजवळ येऊन बसलं नाही, हे त्यांना कळावं म्हणून.

मोनिकाआजी : एवढंच?

फादर पे : नाही. शनिवार उजाडला तरी प्रवचनाला शेवट सापडत नव्हता. तुमची गोष्ट आठवली आणि सगळं जुळलं. लिहिताना मला आनंद झाला होता, आजी. तोच आता गिळवत नाही.

मोनिकाआजी : हे सांगितलंत ते बरं केलंत. भोपळ्यापेक्षा बरं.

फादर पे : रविवारी सगळ्यांसमोर माफी मागतो.

मोनिकाआजी : म्हणजे ज्या दोघातिघांना झोप लागली होती त्यांनाही कळेल. नको. तिथून माझ्याबद्दल आता एक शब्द नको.

फादर पे : मग मी करू काय?

मोनिकाआजी : ते मला माहीत असतं तर तुमचा झगा मीच नसता घातला? माझी नात गारम रोज झोपताना विचारायची, बाबाचं जहाज आज कुठं असेल? मी एकेक बंदर सांगायची. ऐकलेली संपली तेव्हा मनानं रचायला लागले. मंगळवारी शाळेतून आली आणि म्हणाली, आजी, बाबाच्या जहाजाला खिडक्या आहेत? म्हटलं, आहेत. म्हणाली, गजपण आहेत का?

फादर पे : तिला माहीत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

मोनिकाआजी : विचारलं असतंत तर कळलं असतं.

फादर पे : हो.

मोनिकाआजी : तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. जेवते, दप्तर भरते, भिंतीकडे तोंड करून झोपते. पाठ मी वाचीन, त्याची काळजी नको. योसेफाचे भाऊ मला चांगले ठाऊक आहेत. आधी स्वतः येतच नाहीत. निरोप धाडतात, वर मेलेल्या बापाचं नाव पुढं करतात. मग येतात. तुम्हीपण आधी क्लाराला पाठवलंत.

फादर पे : पाठवलं. तुमच्या दाराशी यायला भीती वाटली.

मोनिकाआजी : आणि आलात तेही चुकीच्या माणसाकडे. माझं काय, चार दिवस खाली बघून चालेन. शाळा सुटलीय. येईलच ती.

फादर पे : तिला काय सांगू?

मोनिकाआजी : केलंत ते सांगा. पेत्र नको, योसेफ नको. आणि ती माफ करते का, म्हणून तिच्या तोंडाकडे बघत बसू नका.

(फाटक वाजतं. दप्तर पाठीला लावलेली गारम अंगणात येऊन थांबते.)

गारम : नमस्कार, फादर.

फादर पे : गारम, मी तुझ्याशीच बोलायला आलोय. तुझ्या बाबाची गोष्ट आजीनं मला विश्वासानं सांगितली होती. मी ती सगळ्यांना सांगितली. ती सांगायचा मला हक्क नव्हता. चूक माझी आहे.

गारम : वर्गात सगळ्यांना कळलं होतं. मला सगळ्यांच्या नंतर कळलं.

फादर पे : हो. माझ्यामुळे.

गारम : बाबाला माहीत आहे, मला कळलंय ते?

फादर पे : अजून नाही.

मोनिकाआजी : तुम्ही दोघं बोला. मी भाताचं बघते.

गारम : नको, आजी. तू पण बस. तू पण सांगितलं नव्हतंस.