पाठच्या एक्सलचा प्रसाद

माझं माहेर दोडामार्गचं. बाबा लोहार, पण मी कळती झाले तोवर नांगराचे फाळ कमी आणि ट्रकांचे पाटे जास्त यायला लागले होते, तेव्हा भाता ओढता ओढता मी गाडीचं पोट बघतच वाढले असं समजा. लग्न करून कारापूरला आले तेही जीपवाल्याच्याच घरात. आमच्या ह्यांची जीप लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांना जोर लागणारी, आणि काम काय तर डोंगरावरच्या खाणीत माणसं नेणं-आणणं. कोल्हापूर-बेळगावकडची माणसं, दहाच्या जागी सतरा बसायची, वर पाण्याचं पिंप. पावसात खणणं बंद असायचं, पण खड्ड्यातलं पाणी उपसायला पंपावर माणसं लागायचीच, आणि तेव्हा ती वाट म्हणजे नुसता तांबडा चिखल. त्या ओझ्यानं पाठचा एक्सल मोडायचा. आतला दांडा पिळवटून तुटायचा, की चाक दांड्यासकट बाहेर.

त्या साली गोव्याला राज्य मिळालं होतं. भाषेचं भांडण, बंद, रस्त्यावर झाडं पाडणं, सगळं नुकतं कुठं निवळत होतं. आमच्याकडं मांय, म्हणजे माझी सासू, भांडायची कोंकणीत आणि पोथी वाचायची मराठीत, तिला कुणी काही विचारलं नाही. तर त्या साली एक्सल तिसऱ्यांदा मोडला. डिचोलीचा बाबलो मेस्त आमची गाडी दुरुस्त करायचा, तो म्हणाला, दोन वाटा आहेत. एक, हाच एक्सल ठेवायचा, आत जाड पोलादाचा दांडा घालायचा आणि माणसं दहाच बसवायची. दुसरी, मोठ्या गाडीचा अख्खा एक्सल घालायचा, त्यात वजन बाहेरच्या नळीवर पडतं, दांडा फक्त चाक फिरवतो, मोडला तरी चाक जाग्यावर राहतं. हे म्हणाले, दहाच बसवायची तर जीप कशाला, सायकल घेतो. आणि फोंड्याकडच्या एका भंगारातून ट्रकाचा एक्सल घेऊनच आले. आणून फणसाखाली टाकला.

आता काय सांगू तुम्हाला, बाबांनी मला एक शिकवलं होतं. एका बाजूचं चाक धरून ठेवायचं, दुसरं दोन फेरे फिरवायचं आणि इंजिनाचा जोर आणणारा मधला शाफ्ट किती फेरे घेतो ते खडूची खूण करून मोजायचं. पुढच्या आणि पाठच्या एक्सलचं माप एक असलं पाहिजे. हे जेवून लवंडले होते. मी मांयला म्हटलं, हे टोक जरा धरा. तिनं पदर खोचून धरलं. जीपच्या पुढच्या एक्सलला पाच फेरे होऊन वर पावपेक्षा जास्त, या नव्याला पाचही पुरे होईनात. पुन्हा मोजलं, तेच. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, गो, केसभर फरकाचं काय घेऊन बसलीस. पण मेस्त म्हणाला, वैनी म्हणते ते खरं, चारी चाकं लावली की पुढचं एक वेग मागेल आणि पाठचं दुसरा, पुढचाही याच मापाचा मिळेपर्यंत थांबा. थांबायला ह्यांना जमत नव्हतं. म्हणाले, देवाला विचारू.

आमच्याकडं देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, प्रसाद घेणं म्हणतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. सोमवारी तिघंही गेलो. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, की बाबा, हे लेकरू गाडीला नवा एक्सल घालतं आहे, घालू की नको ते सांग. मी मांयच्या कानात म्हटलं, मापाचं सांगा की देवाला. ती म्हणाली, तू मोजलंस ते देवाला ठाऊक नाही काय? मी गप्प उभी राहिले. उजवी पाकळी पडली.

एक्सल घातला. साध्या रस्त्यावर बरा होता, पण वर चढताना चारी चाकं लावली की गाडी आचके द्यायची, गिअरपेटी कण्हायची. हे कंटाळले आणि पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्टच काढून दाराआड उभा केला. म्हणाले, आता बघ कशी मुकाट चालते. श्रावणात पंपाचं डिझेल घेऊन एकटेच वर गेले. नुसत्या पाठच्या चाकांवर चिखलाचा चढ, चाकं जाग्यावर फिरली आणि गाडी मागं घसरत कडेवरून खाली गेली. पंपावरच्या माणसांनी ह्यांना झोळीत घालून आणलं. जीव नव्हता. एक्सल शाबूत आहे, बाबलो मेस्तानं मला दोनदा सांगितलं. मी माणसांना चहा केला.

ह्यांचे दिवस झाले तसं मी मेस्ताला म्हटलं, जीप वर काढून पुन्हा उभी करा, मी चालवणार. एक्सल कुठला, वैनी? म्हटलं, तिचाच जुना, जाड दांडा घाला, दाराआडचा शाफ्ट परत लावा, माणसं दहा. देवाला विचारायचं? म्हटलं, नको. त्यानं दुरुस्त एक्सल आणून अंगणात ठेवला तेव्हा मी खडू घ्यायला आत गेले, बाहेर आले तर मांय एका बाजूला धरून बसलेली. फेरे जुळले.

पहिले चार दिवस कुणी बसेना, बाई चालवते म्हणून. मग बेळगावकडचा एक म्हातारा चढला. म्हणाला, पडलोच तर बाईनं पाडलं हे गावात सांगायला उरणार कोण. त्याच्यामागनं बाकीचे चढले. अकरावा आला तर मी गाडी बंद करून बसायची. शिव्या द्यायचे, पण उतरायचे.

मांय गेल्या साली गेली. अंथरुणावर होती तेव्हा एकदा पाणी पाजताना म्हणाली, त्या दिवशी देवळात मी तुला गप्प केलं गो. एवढी वर्षं मनात धरून होती. मी म्हटलं, मांय, तुम्ही एकदा म्हणालात, मी गप्प बसले ती घरी येऊनही बसलेच ना. एक्सल घालायला मेस्ताला अख्खा दिवस लागला होता, मी शेजारी नट आवळायचे पाने उचलून देत होते. ती भिंतीकडं वळली. मी तोंड पुसलं तिचं.

आता डोळ्यांमुळं गाडी चालवत नाही. कुणी एक्सल बदलायचा झाला की मला घेऊन जातात, मी मोजून आकडा सांगते. नाही ऐकलं तर पुन्हा सांगते, देवळात निघाले असतील तर तिथंही जाऊन सांगते, भटजींना आवडत नाही. सांगून घरी येते, भात टाकते. चाललंय. तुमचंही बरं चालू दे.