तिसरी हाक

(नवी पेठेतलं चादरींचं दुकान. मालक वीरभद्रप्पा. समोर त्यांचा शेजारी एझ्रा झिराडकर, पुण्याच्या सिनेगॉगमधून (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातून) सकाळीच गावी परतलेला.)

वीरभद्रप्पा : म्हंजे पैल्यांदा तुला बोलवलंच न्हाय?

एझ्रा : नाही. तिसरा बोलावला.

वीरभद्रप्पा : आन् म्हैनाभर भिंतीपल्याडनं आमी तुजं पाठांतर सोसलं, ते? आमची निंगव्वा भाकरी थापताना हिब्रू म्हणाय लागलीय!

एझ्रा : हसू नको, अप्पा. आईला जाऊन वर्ष झालं म्हणून तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचायला पहिली हाक मलाच मारणार होते. ठरलं होतं.

वीरभद्रप्पा : मग माशी कुटं शिंकली?

एझ्रा : ऑस्ट्रेलियाचा एक पोरगा आला. पाठीवर पिशवी, हाफ चड्डी. तो निघाला कोहेन.

वीरभद्रप्पा : त्ये काय असतंय?

एझ्रा : आमच्या जुन्या पुरोहितांच्या वंशातला. तो हजर असला की पहिला मान त्याचा.

वीरभद्रप्पा : हां, आपल्या गड्ड्याच्या जत्रंत पैल्या काठीचा मान ठरल्या घराण्याचा असतोय तसं. मग दुसरा तर तुजा?

एझ्रा : दुसरा लेवीचा. त्यांचे पूर्वज मंदिरातले सेवेकरी. पण लेवी कुणी नव्हता.

वीरभद्रप्पा : झालं की मग!

एझ्रा : कुठलं! लेवी नसला की त्याच कोहेनला परत बोलावतात.

वीरभद्रप्पा : अगागागा! चड्डीवाला दोनदा, आन् तू टाय लावून बसलेला!

एझ्रा : कोटपण होता.

वीरभद्रप्पा : पर त्येला वळकलं कुणी? कपाळावर लिवलेलं असतं व्हय?

एझ्रा : मीच. शेजारी बसला होता. नाव-गाव विचारलं, कळलं, जाऊन प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानला सांगितलं.

वीरभद्रप्पा : तूच? गप बसायला काय झालं हुतं, येड्या?

एझ्रा : तोपण तेच म्हणत होता. सांगू नका, मला नीट येत नाही.

वीरभद्रप्पा : मग दोगांचंबी भागलं असतं की!

एझ्रा : अप्पा, आमच्या कोकणातल्या गावांत कोहेन कुणी नव्हताच. आणि हात पसरून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा, तो फक्त कोहेननंच. आई म्हणायची, एकदा तरी घ्यायचाय. राहूनच गेलं तिचं.

वीरभद्रप्पा : …दिला का मग त्यानं?

एझ्रा : दिला. डोक्यावरून शाल ओढून.

वीरभद्रप्पा : हात कसं धरलं हुतं?

एझ्रा : बघायचं नसतं.

वीरभद्रप्पा : येक डोळा उगडला असशील की!

एझ्रा : नाही रे. आवाज लटपटत होता बिचाऱ्याचा. म्हणून आमेन मीच जरा मोठ्यानं म्हटलं.