आमच्याकडे पोटानं कुणी जात नाही

...आणि वर मलाच विचारते, "काका, तुमच्या घरात माणसं जातात तरी नक्की कशानं?" आता हा काय प्रश्न झाला? तोही भर दवाखान्यात, शेजारच्या बाकावर दहा माणसं कान टवकारून बसलेली असताना! धाकट्या भावाच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, गाठ चांगलीच वाढलेली, डॉक्टर म्हणाले हे रक्तातून आलेलं दिसतंय, घराण्याची सगळी माहिती द्या. म्हणून ही बाई माझ्यासमोर. अशा घराण्यांचा अभ्यास करते म्हणे. हातात हा एवढा मोठा कागद! पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, मेलेल्यावर रेघ, आणि आतड्याच्या गाठीनं गेला असेल तर चौकोन काळा. मी ताठ बसून सांगितलं, "बाई, रेघा पाहिजे तेवढ्या मारा, काळं काही करू नका. आमच्याकडे पोटानं कुणी जात नाही!"

हे माझं नाही हो, आत्याचं वाक्य. घरात कोण कशानं गेलं हे तीच ठरवते. तिला फोन लावला. "आत्या, आजोबा कशानं गेले?" "बाथरूममध्ये पडले." "पडले कशानं?" "चक्कर आली." "चक्कर कशानं?" "अंगात रक्तच उरलं नव्हतं रे." "मग रक्त गेलं कुठं?" ...फोन बंद! थोरले काका? त्यांना प्रवासातलं पाणी बाधलं. प्रवास केवढा, अर्ध्या तासाचा. बाधलं किती दिवस, आठ महिने! आणि आमचे वडील? हार्ट! आता शेवटी हार्ट बंद पडतंच की हो, मेल्यावर कुणाचं चालू राहिलंय? पण नाही, घरात उपवर मुली, बाहेर चार तोंडं... आमच्याकडे पोटानं कुणी जात नाही!

तुम्हाला वाटेल, अडाणी लोक. अहो, मी लिफ्ट तपासतो! बावीस वर्षं! दोराची एक तार तुटलेली दिसली की अख्ख्या इमारतीला जिने चढायला लावतो, लोक शिव्या घालतात, तरी लिफ्टचं कुलूप काढत नाही. का? तर वेळीच बघितलेलं बरं! हे मी, मी लोकांना सांगतो!

तर ती बाई कागदावरून वर बघून म्हणाली, "पण तुमच्या वडिलांचं ऑपरेशन इथंच झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी आम्ही पत्र पाठवलं होतं, तिन्ही मुलांना तपासणीला आणा म्हणून. मिळालं नाही का?" मी म्हटलं, "पोस्टाचा कारभार, दुसरं काय!"

मिळालं होतं हो. मीच फोडलं होतं. 'गाठी लहान असतानाच काढता येतात' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर. वडील म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे." मी ते कपाटाच्या कप्प्यात, अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. लग्न झालं, वडील गेले, मग बहिणीचं बाळंतपण आलं, म्हटलं अशात कशाला? मग भावाची नवी नोकरी, म्हटलं जरा स्थिर होऊ दे. दरवर्षी कप्प्यातला कागद बदलला, आणि पत्र पुन्हा नीट, चुरगळू न देता, नव्या कागदाखाली ठेवलं. माणसानं किती व्यवस्थित असावं!

पुढं सगळ्यांच्या रक्ताची तपासणी झाली. बहीण सुटली. आणि तुम्हाला सांगतो, मीही सुटलो! माझा चौकोन कोरा करकरीत! भावाच्या रक्तात निघालं, ते त्याच्या मुलीकडेही गेलं. तेवीस वर्षांची पोर, लग्न महिन्यावर. तिच्या नावाचं पाकीट आलं, ते बापानं फोडलं. आमच्या घरात पत्र कुणाच्याही नावानं येवो, फोडतात पुरुषच. मला बोलावून घेतलं, दार लोटून घेतलं, म्हणाला, "दादा, घरात भरवशाचा तू एकटा. हे तुझ्याकडे ठेव. लग्न होऊन जाऊ दे."

मला ऐकवेना. म्हटलं, "अरे, असलंच एक माझ्याकडे आहे. अकरा वर्षं. त्यात तुझंही नाव आहे."

मला वाटलं, ओरडेल, उशाचा तांब्या फेकून मारेल. मारायला हवा होता हो! पण तो पोरीचा बाप. हळूच म्हणाला, "म्हणजे जागा आहे तुझ्याकडे. तिथंच ठेव."

मी उठलो तो थेट पुतणीच्या ऑफिसात. पाकीट हातात दिलं, म्हटलं, "फोडलेलं आहे, माफ कर." तिनं उभ्या उभ्या वाचलं. आधी रडली, मग म्हणाली, "काका, तपासणीला तुम्ही येणार ना सोबत?" बापाला सांगितलं, खरेदीला चाललोय. दोघं गेलो, ती आत, मी बाहेर. तासाभरानं नर्स आली. "तीन गाठी होत्या, अगदी बारीक. काढून टाकल्या. आता दरवर्षी या."

बोटाच्या पेरावर दाखवलं तिनं, एवढ्याशा. अकरा वर्षांपूर्वी माझ्या भावाच्याही एवढ्याच असतील हो! एवढ्याशाच...

मला रडू फुटलं, तर ती हसून म्हणते, "अहो काका, रडताय काय? किती वेळेवर आणलंत! तुमच्यासारखा एक जाणता माणूस प्रत्येक घरात असायला हवा!"

डोळे पुसले, म्हटलं, "असतोच हो, प्रत्येक घरात."